ब्लायबर्गच्या चर्चमधल्या देवदूतांवर गोळ्या कोणी झाडल्या?

इंग्लंडमधल्या सफोकला जाणारे, तिथलं ब्लायबर्गचं १५व्या शतकातलं चर्च बघायचंय. छताला पंख पसरलेले लाकडी देवदूत आहेत म्हणे आणि त्यांच्यात बंदुकीचे छर्रे सापडले, ते खरंच क्रॉमवेलच्या (१७व्या शतकातल्या इंग्लिश गृहयुद्धात राजाविरुद्ध लढलेला संसदेचा सेनापती) सैनिकांनी मारले का? आणि आत अजून काय बघू?

प्रतिसाद १:
संसदेच्या बाजूचा, चर्चमधल्या मूर्ती-चित्रं काढून टाकणारा मूर्तिभंजक डाउसिंग १६४४ ला तिथे येऊन गेला हे खरं, देवदूत उतरवा असा हुकूमही दिला, पण छत इतकं उंच की बरेचसे वाचले. छर्रे मात्र नंतरचे, १८व्या शतकात छतात शिरणारे कावळ्याच्या जातीचे पक्षी मारायला चर्चवालेच पैसे द्यायचे. गाइड लोकांना सैनिकांचीच गोष्ट आवडते, काय करणार!

प्रतिसाद २:
वरच बघत बसू नका हो, बाकांची टोकं बघा, त्यावर ख्रिस्ती धर्मातली सात मोठी पापं माणसांच्या रूपात कोरलीयेत, आळस तर चक्क अंथरुणात बसलाय 😄

प्रतिसाद ३:
पुढची लाकडी जाळीदार स्क्रीनपण बघा, अशा स्क्रीनच्या पलीकडे पाद्र्यांची जागा, अलीकडे गावकरी. वर क्रूसावरच्या येशूचा पुतळा असायचा, तो १६व्या शतकातल्या धर्मसुधारणेत (प्रोटेस्टंट चळवळीत) गेला, म्हणून आता वर मोकळं दिसतं.