मदत हवी आहे: डॅफ्नियातलं ट्रिप्सिन खरंच कमी झालंय का?

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी. प्राणिशास्त्राचा प्रोजेक्ट चालू आहे, विषय डॅफ्नियाची (गोड्या पाण्यातला इवलासा जीव, 'वॉटर फ्ली') पाचक एंझाइमं, त्यातही प्रथिनं तोडणारं ट्रिप्सिन. एका ठिकाणी अडलेय.

एका टबातल्या डॅफ्नियांना नुसतं क्लोरेला (सूक्ष्म हिरवं शेवाळ) देते, दुसऱ्यात क्लोरेलाबरोबर मायक्रोसिस्टिस (तळ्यावर उन्हाळ्यात हिरवी साय धरते ना, त्यातलं). एवढ्याशा जिवाचं आतडं सोडवून काढणं मला जमत नाही, म्हणून अख्खे प्राणी बर्फावर वाटते, सेंट्रिफ्यूज करते, निवळीत बीएपीएनए (ट्रिप्सिनने तोडलं की पिवळा रंग देणारं रसायन) घालून ४०५ नॅनोमीटरला पिवळेपणा मोजते. मायक्रोसिस्टिसवाल्यांचं ट्रिप्सिन दर मिलिग्रॅम प्रथिनामागे दरवेळी कमीच येतं.

गाइड म्हणतात, "उपासमार, दुसरं काय! लिहून टाक." मला पटत नाही. मायक्रोसिस्टिस सायनोपेप्टोलिनसारखे प्रोटीएजला (ट्रिप्सिनसारख्या प्रथिनं तोडणाऱ्या एंझाइमांना) अडवणारे पदार्थ बनवतं. ते पोटातल्या घासाबरोबर माझ्या नळीत उतरले, तर एंझाइम भरपूर असूनही रीडिंग पडणारच. प्राण्याने एंझाइमच कमी बनवलं की असलेलं अडकून पडलं, हे कसं ओळखू? रात्रभर उपाशी ठेवून पोट रिकामं करू का?

प्रतिसाद १

उपाशी अजिबात ठेवू नकोस. डॅफ्नियात नवा घास आला की जुना पुढे सरकतो. खायलाच नसेल तर शेवटचा माल आतड्यात तसाच राहतो. वर उपासाने एंझाइमही बदलेल. त्यापेक्षा वाटण्याआधी तासभर दोन्ही टबांना स्वच्छ पाण्यात नुसतं क्लोरेला दे.

आता मुख्य मुद्दा. दोन्ही निवळ्या निम्म्या-निम्म्या मिसळ, दहा-पंधरा मिनिटं थांब, मग सब्स्ट्रेट (तुझं बीएपीएनए) घाल. रीडिंग दोघांच्या सरासरीइतकं आलं तर मोकळा इनहिबिटर (एंझाइमला अडवणारा पदार्थ) नाही. बरंच खाली गेलं तर तुझा संशय खरा. एंझाइमला आधीच घट्ट चिकटून बसलेला मात्र यात दिसणार नाही, तेवढं प्रबंधात कबूल कर. नुसतं शेवाळ वाटूनही एक कंट्रोल लाव, त्याची स्वतःची प्रोटीएज असतात. आणि बफरमध्ये सवयीने पीएमएसएफ (प्रोटीएज रोखायला घालतात ते रसायन) घालत नाहीस ना? ते ट्रिप्सिनलाच मारतं.

प्रतिसाद २

काइमोट्रिप्सिनही (प्रथिनं तोडणारं दुसरं एंझाइम) मोजा. डॅफ्नियाचं प्रथिनपचन मुख्यतः या दोघांवर चालतं, आणि काही इनहिबिटर एकाला सोडून दुसऱ्याला धरतात. बफरचा पीएच किती आहे? आतड्यात तो साधारण ६ ते ७.२ असतो.

मूळ लेखिका

पीएच ८, नुसतं ट्रिस बफर, पीएमएसएफ नाही. ७ लाही एक सेट लावते. मिसळून बघायचं सुचलंच नव्हतं, सोमवारी करते. काइमोट्रिप्सिनचा सब्स्ट्रेट आमच्याकडे नाही आणि मागवायला वेळ लागेल; पुण्यात कुणाच्या लॅबमध्ये चिमूटभर उरला असेल तर कृपया व्यनि करा.