दुपारी बसायची सवय लावा
नीटच्या, म्हणजे वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या अभ्यासाला पहाटे चारला उठा, असा सल्ला कुणीतरी दिलाय. पाठांतराला ठीक आहे. पण २०२५ची नीट ४ मेला दुपारी २ ते ५ झाली होती, आणि जळगाव-भुसावळकडे त्या वेळी शेवभाजी चापून माणूस आडवा होतो! आमच्या मुलीचे सराव पेपर सकाळी झकास, दुपारी मात्र पेंग. मग बोर्ड संपल्यावर रोज दोनला, हलकं जेवण देऊन, १८० प्रश्नांना बसवलं. कूलर बंद. (आई चिडायची, तो भाग वेगळा.) ७२०पैकी ३६० गुण जीवशास्त्राचे, म्हणून एनसीईआरटीची पाठ्यपुस्तकं आधी, गाईडांचा ढीग नंतर. आणि चुकीच्या उत्तराला एक गुण कापतात, तेव्हा अंदाजपंचे गोळे काळे करायची खोड आत्ताच मोडा.