गिअर अडकतोय, गाडी गेटसमोर

बी-३०४: पहाटेच्या खर्रर्र आवाजावरून कालपासून टोमणे चाललेत. हो, गाडी माझीच. रिव्हर्स टाकताना आवाज होतो, पहिला गिअर जोर लावून पाडावा लागतो. आता गेटसमोर अडकली आहे. टोमणे नकोत, उपाय सांगा.

ए-१०१ अण्णा: गिअर ऑइल बदला.

सी-२०२ नाना: अण्णा, घाई नको. इंजिन बंद असताना सगळे गिअर पडतात का?

बी-३०४: हो काका, अगदी हलके.

सी-२०२ नाना: मग क्लच पूर्ण सुटत नाहीये, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सपासून पूर्ण वेगळं होत नाहीये. पेडल दाबलं तरी प्लेट घासत राहते आणि गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरतच राहतो. पुष्कळ गाड्यांत रिव्हर्सला सिंक्रो, म्हणजे गिअर पडण्याआधी दोन्ही चाकांचा वेग जुळवणारी रिंग, नसतो, म्हणून तिथे खर्र होतं. बंद इंजिनावरही जड असते तर गिअरच्या दांड्याची केबल, तिचे बुश (टोकाचे रबरी-प्लास्टिकचे तुकडे), मग तेल असं बघितलं असतं.

ए-१०१ अण्णा: तरी ऑइल बदलून बघा. ८० डब्ल्यू ९० जाडीचं, जीएल ५ दर्जाचं. रामबाण.

ए-५०२ वहिनी: अण्णा, जीएल ५ सरसकट सांगू नका हो. त्यातल्या गंधकाच्या ॲडिटिव्हने पितळेच्या सिंक्रो रिंग खराब होऊ शकतात. मॅन्युअलमध्ये लिहिलेलाच ग्रेड घालायचा. आणि आधी भरायचा बोल्ट सुटतो का बघायचं, मगच खालचा ड्रेन उघडायचा. वरचा अडकला तर रिकामा गिअरबॉक्स घेऊन बसाल.

डी-४०३: मागच्या वेळचा ऑइलचा काळा डाग डी विंगसमोर अजून आहे. कोणाचा ते सगळ्यांना माहीत आहे 🙏

ए-१०१ अण्णा: नाव घ्या ना मग.

सेक्रेटरी: कृपया विषयावर राहा. पार्किंगमध्ये दुरुस्ती करायची नाही असं ठरलेलं आहे.

सी-२०२ नाना: क्लच केबलने चालतो की तेलाच्या दाबाने?

बी-३०४: तेलाच्या. पेडल तीन-चारदा भराभर पंप केलं की गिअर पडतो.

सी-२०२ नाना: म्हणजे तेलाच्या नळीत हवा आहे किंवा सील गळतंय. पेडलच्या वर, रॉड आत जातो तिथे बोट फिरवा.

बी-३०४: रबरी टोपी ओली आहे. बोटाला चिकट लागतंय.

ए-५०२ वहिनी: मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पेडलने तेल ढकलणाऱ्या पंपाचं, सील गेलं. बॉनेटखाली ब्रेक ऑइलची डबी बघा, पुष्कळ गाड्यांत क्लचची नळी तिच्यातूनच निघते.

बी-३०४: तेल डबीवरच्या मिनच्या (किमान पातळीच्या) खुणेखाली आहे!

ए-५०२ वहिनी: चालवू नका. झाकणावर ब्रेक ऑइलचा जो डॉट ग्रेड लिहिलाय तोच, सीलबंद बाटलीतला घ्या. इंजिन ऑइल चुकूनही नको, रबर फुगतं. सिलिंडर बदलल्यावर ब्लीडिंग, म्हणजे नळीतली हवा काढणं: एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने गिअरबॉक्सकडचं निपल (हवा सोडायचा छोटा स्क्रू) उघडून बंद करायचं, मगच पाय सोडायचा. बुडबुडे थांबेपर्यंत. डबी मध्ये रिकामी होऊ द्यायची नाही. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा, रंग उतरतो.

ए-१०१ अण्णा: आणि त्याच फेरीत गिअर ऑइलपण.

डी-४०३: ते ठीक. पण दुधाची गाडी बाहेर उभी आहे.

सी-२०२ नाना: न्यूट्रल करून ढकला. एकजण आत बसून हँडब्रेकवर हात ठेवा, इंजिन बंद असलं की पायाचा ब्रेक कडक लागतो. अण्णा, खाली या, मागून जोर लागेल.