वरच्या बाथरूममधून गळती: फोडायचं कोणी आणि खर्च कोणाचा?

ओलीभिंत_कोथरूड
नमस्कार मंडळी. आयडियल कॉलनीच्या बाजूला राहतो, बिल्डिंग १९९७ सालची, खाली पार्किंग आणि वर तीन मजले, आम्ही दुसऱ्यावर. गेल्या पावसाळ्यापासून आमच्या बाथरूमच्या छताला ओल यायला लागली, आधी कोपऱ्यात पिवळट डाग होता, मग पोपडे धरले, आता गीझरच्या जरा बाजूला थेंब थेंब पाणी पडतं आणि पॅसेजच्या भिंतीवर पांढरा लोणा आलाय, तो झाडून काढला तरी दुसऱ्या दिवशी परत हजर. दाराची चौकट खालून फुगून दार लागेनासं झालंय. आई सत्तरीच्या पुढची, दम्याचा त्रास आहे तिला, त्या कुबट वासाने रात्रभर खोकते, त्यामुळे हे आता मला मार्गी लावायचंच आहे.

वर एक काकू एकट्या राहतात, मुलगा परदेशात. आमचे संबंध अगदी घरच्यासारखे, दिवाळीला फराळाचं ताट वर जातं आणि रिकामं कधी परत येत नाही. पण गळतीचा विषय काढला की म्हणतात "अरे माझ्याकडे ये आणि कुठे पाणी दिसतंय ते दाखव", आणि खरंच वर सगळं कोरडं ठणठणीत असतं. एक प्लंबर म्हणाला वरची सगळी फरशी फोडावी लागेल, दुसरा म्हणाला फोडायचं काही नाही, खालून स्लॅबमध्ये इंजेक्शन मारून देतो गॅरंटीने, तिसऱ्याने नुसतं वर बघून मान हलवली आणि व्हिजिटचे पैसे घेऊन गेला. चेअरमन म्हणतात हा तुमचा दोघांचा आपसातला मामला, सोसायटीचा संबंध नाही. माझी नोकरी हिंजवडीला, सकाळी निघालो की रात्रीच घरी, म्हणजे जे काय करायचं ते रविवारी. तर नक्की सुरुवात कुठून करू, काकूंना न दुखावता हे कसं सांगू, आणि पैसे कोणी द्यायचे असतात? कोणाचा अनुभव असेल तर प्लीज सविस्तर लिहा.

साइटवरचा_नाना
आधी एक काम आजच्या आज करा. गीझरचा आणि बाथरूमच्या लाइटचा एमसीबी, म्हणजे बोर्डातला वीज तोडायचा छोटा स्विच, खाली पाडा. स्लॅबमधून उतरणारं पाणी कन्सील्ड वायरिंगच्या पाइपातून कुठेही जातं, छतावर थेंब दिसतोय तिथेच फक्त पाणी आहे असं समजू नका. आईंना आंघोळीला पाणी गॅसवर तापवून द्या काही दिवस, इलेक्ट्रिशियनने बघितल्याशिवाय गीझर लावू नका.

आता गळतीचं. माझं आयुष्य बांधकामावर गेलं म्हणून सांगतो, पाणी कुठलं आहे हे कळल्याशिवाय कोणालाही एक फरशी फोडू देऊ नका. तीन शक्यता असतात. एक तर नळाची लाइन, तुमची बिल्डिंग त्या काळातली म्हणजे आत जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेले लोखंडी पाइप असणार, ते इतक्या वर्षांत आतून गंजून झिजतात. दुसरी, सांडपाण्याची बाजू, म्हणजे नहाणी ट्रॅप (फरशीतल्या जाळीखालचं पाणी जायचं भांडं), कमोडचा जॉइंट किंवा फरशीच्या फटी. तिसरी, बाहेरच्या डक्टमधले, म्हणजे पाइपांसाठी मोकळ्या सोडलेल्या उभ्या जागेतले, उभे पाइप.

नळाच्या लाइनमध्ये चोवीस तास प्रेशर असतं त्यामुळे ती फुटली असेल तर थेंब रात्रंदिवस सारखाच पडतो, वर कोणी नळ उघडो न उघडो. सांडपाण्याचं तसं नसतं, वर आंघोळ धुणं झालं की काही वेळाने वाढतं आणि मग ओसरतं. म्हणून थेंबाखाली एक बादली ठेवा आणि रात्री झोपताना, सकाळी उठल्यावर, मग काकूंचं आवरून झाल्यावर असं स्केचपेनने बादलीवर पाण्याची खूण करत जा. दोनतीन दिवसांत अंदाज येतो. मग गच्चीवर टाकीखाली जाऊन बघा, जुन्या बिल्डिंगमध्ये बहुतेक वेळा प्रत्येक लाइनला वेगळा वॉल्व्ह असतो, तुमच्या बाथरूमच्या लाइनचा वॉल्व्ह सगळ्यांना सांगून रात्री बंद ठेवा. थेंब स्पष्ट कमी झाला तर नळाची लाइन. काही फरकच पडला नाही तर संशय सांडपाण्यावर किंवा डक्टवर.

वर कोरडं दिसतं त्याचं कारण असं की जुन्या बाथरूमचा स्लॅब खाली दाबलेला असतो, सन्क म्हणतात त्याला, आणि त्यात विटांचे तुकडे भरून वर कोबा आणि फरशी केलेली असते. पाणी ट्रॅपच्या जॉइंटमधून त्या भरावात जातं, तिथे साठून राहतं आणि सावकाश खाली उतरतं. काकू खोटं बोलत नाहीयेत, त्यांना ते दिसणं शक्यच नाही. हे त्यांना असंच सांगा.

खालून इंजेक्शनवाल्याला माझा तरी नकार. वरून येणारं पाणी थांबवलं नाही तर ते दुसरीकडून वाट काढतं, नाहीतर स्लॅबमध्येच मुरून सळया गंजवतं, आणि गंजलेली सळई फुगते मग काँक्रीट सुटून खाली पडतं. छत पोकळ वाजत असेल तर त्याखाली कोणाला उभं करू नका.

सेक्रेटरी_सहकारनगर
चेअरमननी सरसकट हात वर केले हे चुकीचं आहे. पहिल्यांदा हे बघा की तुमची खरंच सोसायटी आहे का अपार्टमेंट. पुण्यात हा घोळ फार आहे, लोक बोलताना सगळ्यालाच सोसायटी म्हणतात पण अर्ध्या बिल्डिंगी अपार्टमेंट असतात. शेअर सर्टिफिकेट असेल तर सोसायटी, म्हणजे १९६० चा सहकारी संस्था कायदा. डीड ऑफ अपार्टमेंट असेल तर १९७० चा अपार्टमेंट ओनरशिप कायदा, आणि मग तुमच्या डीड ऑफ डिक्लरेशनमध्ये कॉमन काय आणि खाजगी काय ते लिहिलेलं असतं, ते काढून वाचा.

सोसायटी असेल तर आदर्श उपविधींप्रमाणे, म्हणजे सोसायट्यांच्या नमुना नियमावलीप्रमाणे, गच्चीतून येणारं पावसाचं पाणी आणि बाहेरच्या सामाईक पाइपलाइनची, ड्रेनेजची गळती यांची दुरुस्ती सोसायटीच्या खर्चाने. एखाद्याच्या फ्लॅटच्या आतली गळती असेल तर ती ज्याची त्याने करायची. म्हणजे नाना म्हणतात तेच, पाणी कुठलं हे कळलं की पैसे कोणाचे हे आपोआप कळतं, आणि ते कळायच्या आधी "संबंध नाही" म्हणायचा अधिकार कोणालाच नाही.

तुम्ही काय करा, कमिटीला साधं पत्र लिहा, फोटो जोडा, तारीख टाका, आणि दुसऱ्या कॉपीवर सही शिक्क्याची पोच घ्या. व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका, तिथे नुसते अंगठे येतात आणि वरच्या काकूंची उगाच चारचौघांत शोभा होते. सेक्रेटरी रीतसर नोटीस देऊन फ्लॅट आतून बघू शकतो, दुरुस्तीची गरज दिसली आणि सभासदाने केलीच नाही तर सोसायटी ती करून खर्च त्याच्याकडून वसूल करू शकते, उपविधींमध्ये तशी तरतूद आहे. अगदीच अडलं तर कलम ९१ खाली सहकार न्यायालय आहे, पण तुमच्या प्रकरणात ती वेळ येऊ नये असं मनापासून वाटतं. आमच्याकडे गळतीची जेवढी भांडणं कोर्टापर्यंत गेली त्यात पाणी गळतच राहिलं आणि माणसं जिन्यात एकमेकांकडे बघेनाशी झाली.

तिसरामजला_पर्वती
मी दुसऱ्या बाजूने लिहिते, आमच्याही खालच्यांकडे गळत होतं आणि मी वरची. माझ्या सासूबाई तेव्हा एकट्याच घरी असायच्या दिवसभर. खालच्या दादांनी येऊन "तुमचं बाथरूम फोडावं लागेल" एवढंच सांगितलं आणि त्या इतक्या घाबरल्या की दार उघडेनात. त्यांना पैशाची भीती नव्हती हो, त्यांना कळत नव्हतं की आठ दिवस आंघोळीला कुठे जायचं, रात्री उठावं लागलं तर काय करायचं, अनोळखी माणसं दिवसभर घरात वावरणार त्यांच्याजवळ कोण बसणार. एकट्या म्हाताऱ्या बाईला हे डोंगराएवढं असतं आणि ती ते बोलून दाखवत नाही, "माझ्याकडे काही गळत नाही" एवढंच म्हणते.

काकूंकडे अजून एक बाथरूम आहे का? असेल तर प्रश्नच नाही. नसेल तर तुमच्या आईंना वर पाठवा, त्यांनाच सांगू दे की कामाच्या दिवसांत आमचं दुसरं बाथरूम वापरा, दुपारी कामगार असतील तेव्हा मी तुमच्याकडे येऊन बसते. मुलाशी व्हिडिओ कॉलवर बोला, पण काकूंच्या समोर, त्यांच्या पाठीमागे नको. आणि काम सुरू करायच्या आधी कंत्राटदाराकडून लिहून घ्या की फरशी कुठली बसवणार, नळ तेच परत लावणार का, राडारोडा कोण उचलणार. आमच्याकडे राडारोड्याची पोती जिन्यात राहिली आणि तळमजल्यावरच्यांचं नवीन भांडण सुरू झालं. रात्रीतून फुटपाथवर किंवा नदीकाठी टाकून येतो म्हणणारा टेम्पोवाला तर अजिबात नको, महापालिका दंड करते आणि मुळात नदी आपलीच आहे.

ओलीभिंत_कोथरूड
सगळ्यांचे खूप आभार. गीझरचा एमसीबी त्याच दिवशी पाडला. आमच्याकडे शेअर सर्टिफिकेट निघालं म्हणजे सोसायटीच आहे. बादलीच्या खुणा केल्या, रात्रीचं पाणी अगदी कमी आणि सकाळी आठनंतर वाढतं. वॉल्व्ह रात्रभर बंद ठेवला तर काहीच फरक नाही. आईच वर जाऊन काकूंशी बोलली, दोघी बराच वेळ बोलत होत्या, काकूंचं एकच बाथरूम वापरात आहे, दुसऱ्यात त्यांनी सामान भरलंय, म्हणजे पर्वतीच्या ताई म्हणतात तोच प्रश्न होता. त्यांनी टेस्टला हो म्हटलंय.

आणि रविवारी टॉर्च घेऊन डक्टमध्ये डोकावलो तर वरच्या बाथरूमच्या लेव्हलला बिडाच्या (ओतीव लोखंडाच्या) पाइपाच्या जॉइंटमधून पिंपळाचं रोपटं आलंय, चांगलं हातभर, आणि त्याच्या मुळ्या पाइपाला धरून भिंतीच्या फटीत शिरल्यात. पाइपाखालची भिंत शेवाळाने हिरवीगार आहे. फोटो चेअरमनना पत्रासोबत दिले, पोच घेतली. तर आता हेच कारण धरायचं का? म्हणजे वरचं फोडायची गरज नाही ना?

साइटवरचा_नाना
छान काम केलंत. पिंपळ हे कारण असू शकतं, त्या जॉइंटमधून वरच्यांचंच सांडपाणी बाहेर येतं आणि भिंतीतून स्लॅबला लागतं, वेळाही जुळतात. पण एवढ्यावर थांबू नका, डक्टमधलं दुरुस्त होईपर्यंत ट्रॅपची टेस्टसुद्धा करून घ्या म्हणजे एकदाच काय ते कळेल. काकूंच्या बाथरूमच्या नहाणीच्या तोंडात प्लॅस्टिकच्या पिशवीत कापड गुंडाळून घट्ट बोळा बसवा, उंबऱ्याच्या खाली राहील एवढं पाणी भरा, भिंतीवर पेन्सिलने रेघ मारा आणि निदान एक दिवस तसंच ठेवा, नळ बंद. तेवढ्या वेळात पाइपात काही जाणार नाही, त्यामुळे खाली थेंब वाढला तर फरशीच्या फटी किंवा ट्रॅपच्या कडेचा जॉइंट. नाही वाढला तर बोळा काढून सगळं पाणी एकदम सोडा, आणि नंतर वाढतंय का बघा, वाढलं तर दोष ट्रॅपच्या खाली किंवा डक्टात. पाण्यात खायचा रंग टाकतात लोक, टाका, पण रंग खाली उतरला नाही म्हणून गळती नाही असं होत नाही, भरावात रंग अडकतो.

पिंपळ नुसता वरून छाटू देऊ नका, परत फुटतो. मुळासकट निघाला पाहिजे आणि जॉइंट नवीन झाला पाहिजे, शक्यतो ती पूर्ण उभी लाइनच बदलून घ्या, कारण परांची एकदा बांधली की वरपासून खालपर्यंत काम एका खर्चात होतं आणि बाकीचे जॉइंटही तेवढेच जुने आहेत. हा खर्च सोसायटीचा, सेक्रेटरीबाईंनी वर लिहिलंच आहे. आईंना पिंपळ तोडणं मनाला लागणार असेल तर रोप मुळासकट काढून कुंडीत जगवा आणि पावसाळ्यात टेकडीवर लावा, आम्ही असं केलंय.

बोहरीआळी_फॅन
ट्रॅप बदलायची वेळ आली तर सामान प्लंबरवर सोडू नका, स्वतः जाऊन आणा. रविवार पेठेत बोहरी आळीत सगळं एका ठिकाणी मिळतं आणि चार दुकानं फिरून हातात घेऊन बघता येतं. गाडी मात्र नेऊ नका, तिथे लावायला जागा मिळत नाही आणि उचलून नेली तर अख्खा दिवस गेला. तुम्ही आयडियल कॉलनीचे म्हणजे मेट्रोनेच जा, सिव्हिल कोर्टला उतरून खालची स्वारगेटची लाइन पकडायची आणि मंडईला उतरायचं, तिथून चालत. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये तो भुयारी भाग सुरू झाल्यापासून माझं तिकडे जाणं फार सोपं झालंय. जाण्याआधी दुकान उघडं आहे का ते फोन करून विचारा. फरशीच्या फटींसाठी इपॉक्सी ग्राउट घ्या, पांढरं सिमेंट अॅसिडने धुवून धुवून निघून जातं. आणि काकूंना सांगा बाथरूमला अॅसिड वापरू नका म्हणून, फटी त्यानेच उघड्या पडतात.

ओलीभिंत_कोथरूड
रविवारी टेस्ट करतोय, काकू त्या दिवशी आमच्याकडेच जेवायला आहेत. चेअरमन शनिवारी डक्ट बघायला येतो म्हणालेत. एक शेवटचं विचारतो, छत आणि भिंत रंगवून कधी घेऊ? आईचा खोकला बघवत नाही, पेंटर म्हणतो लगेच वॉटरप्रूफ प्रायमर मारून देतो.

साइटवरचा_नाना
लगेच अजिबात नको. गळती बंद झाली तरी भरावातलं पाणी बरेच दिवस खाली येत राहतं, तेव्हा घाबरून परत फोडाफोडी सुरू करू नका, थेंब दिवसेंदिवस कमी होतोय ना एवढंच बघा. ओल्या भिंतीवर प्रायमर मारला तर पाणी आत कोंडतं आणि पुढच्या वर्षी सगळा पोपडा एकदम निघतो. आत्ता फक्त सुटलेलं प्लास्टर हातोडीने वाजवून पाडून घ्या, पोकळ आवाज येईल तेवढं सगळं, आईंना तेव्हा घराबाहेर ठेवा कारण धूळ फार होते. लोणा पाण्याने धुवू नका, कोरड्या ब्रशने काढा. सळई उघडी पडली असेल तर गंज घासून काढून त्यावर गंजरोधक मारायचा आणि पॉलिमर मॉर्टरने भरून घ्यायचं, हे पेंटरचं काम नाही, गवंडी बघा. मग बाथरूमची खिडकी आणि एक्झॉस्ट चालू ठेवून भिंत उघडीच वाळू द्या. हाताला गार लागायची थांबली की प्लॅस्टिकचा एक तुकडा चारही कडांना टेप लावून भिंतीवर चिकटवून ठेवा, दुसऱ्या दिवशी त्याच्या आतल्या बाजूला दमट दिसलं तर अजून थांबा, कोरडा राहिला तर पेंटरला बोलवा.