मदत हवी आहे: बाबांना एएफ (हृदयाचे ठोके अनियमित पडणं), शिवाय शुगर, बीपी, किडनी. आधी कशाकडे बघायचं?

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

बाबा ७४ वर्षांचे. आई-बाबा दोघंच साताऱ्याला, मी पुण्यात. शुगर १८ वर्षांपासूनची, बीपी त्याच्याही आधीचं. गणपतीत घरी गेले तर बाबा जिन्यात मध्येच थांबत होते. पायावर बोट दाबलं की खळगा तसाच राहायचा. बीपीच्या मशीनवर हृदयाचं चिन्ह लुकलुकत होतं. बाबा म्हणाले, "मशीन बिघडलंय, महिनाभर असंच करतंय." मशीन ठणठणीत होतं. ईसीजीत एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे एएफ निघालं, इकोत हृदयाचं पंपिंग ३५ टक्के, म्हणजे बरंच कमी. पाच दिवस ॲडमिट होते.

डिस्चार्जच्या दिवशी मी डॉक्टरांना सरळच विचारलं, किती वर्षं? ते म्हणाले, "ते एएफवर कमी, सोबत काय काय आहे त्यावर जास्त." तेवढ्यात पुढचा पेशंट आत आला आणि विषय तिथेच राहिला.

घरात मात्र सगळ्यांचा जीव नाडीत अडकलाय. आई दिवसातून सहा वेळा मनगट धरून बसते आणि ठोका चुकला की मला फोन. याला कितपत अर्थ आहे? दुसरं म्हणजे, रक्त पातळ करायची अपिक्साबॅन आधी ५ ची होती, परवा २.५ केली. मामा म्हणतात, डोस अर्धा केला म्हणजे लकव्याला आमंत्रण. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) १.६ आहे. कुणी सांगेल का?

निवृत्त फिजिशियन: ॲडमिट केलं तेव्हा वजन किती होतं, आणि आता किती?

धागाकर्ती: तेव्हा ६३. लघवीच्या गोळीने पाणी उतरल्यावर ५८.

निवृत्त फिजिशियन: मग मामांना उत्तर मिळालं. वय ८० किंवा जास्त, वजन ६० किलो किंवा कमी, क्रिएटिनिन १.५ किंवा जास्त, या तिनातल्या दोन गोष्टी जुळल्या की २.५ हाच दिवसातून दोनदा घ्यायचा योग्य डोस. बाबांच्या दोन जुळतात. गोळी मात्र एकही वेळ चुकवू नका. एएफमध्ये हृदयात गुठळी होऊन मेंदूत गेली की स्ट्रोक, म्हणजे लकवा. हार्ट फेल्युअर (हृदयाचं पंपिंग कमी पडणं), बीपी, शुगर आणि वय मिळून त्यांचे स्ट्रोकच्या धोक्याचे ४ गुण होतात, आणि ७५ पूर्ण झाले की ५; गुण जास्त तितका धोका जास्त.

आता तुमच्या डॉक्टरांच्या वाक्याबद्दल. रक्त पातळ करायच्या नव्या गोळ्यांच्या चार मोठ्या चाचण्यांमधले मृत्यू २०१६ मध्ये एकत्र तपासले गेले, सुमारे ७१ हजार रुग्ण. जवळपास निम्मे मृत्यू हृदयाचे होते, म्हणजे हार्ट फेल्युअर, अचानक हृदय थांबणं वगैरे. गुठळीच्या स्ट्रोकने गेलेले जेमतेम ६ टक्के. म्हणजे गोळी आपलं काम करते, पण पंपिंग आणि किडनी आपल्या वाटेने जात राहतात. आईंना सांगा, एएफमध्ये ठोका चुकणारच. नाडी सकाळी एकदा पुरे. त्यापेक्षा रोज लघवी झाल्यावर, चहाच्या आधी, वजन लिहून ठेवा. दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर पाणी साठतंय, लगेच दाखवा. आराम करूनही नाडी सतत ११० च्या वर असेल, तरीही.

कृष्णाकाठची: आमच्या सासूबाईंचं अगदी हेच. दोनदा ॲडमिट झाल्या, दोन्ही वेळा ठोक्यांमुळे नाही, लोणच्या-पापडामुळे! मीठ आवरलं तशी सूज आवरली. आणि एक विचारते, बाबा गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून काही आणतात का?

निवृत्त फिजिशियन: हे मी आधी विचारायला हवं होतं. डायक्लोफिनॅकसारखी गोळी किडनी खराब करते, अंगात पाणी धरून ठेवते आणि अपिक्साबॅनसोबत रक्तस्रावाचा धोका वाढवते. बाबांचं जे जे दुखणं आहे, नेमकं त्या सगळ्यांवर एकदम.

धागाकर्ती: आत्ताच आईला फोन केला. शर्टाच्या खिशात अर्धी स्ट्रिप सापडली. मागून बाबांचा आवाज: "ती गुडघ्याची आहे, तिचा हृदयाशी काय संबंध?"