सोडियम हळूहळू का उतरवतात?

आयसीयूतल्या वडिलांच्या रक्तातलं सोडियम (मिठातला क्षार) १६०, म्हणजे खूप जास्त आहे, मग ते लगेच खाली का आणत नाहीत, असा प्रश्न एका नातेवाइकाने विचारलाय. डॉक्टर वेळकाढूपणा करत नाहीयेत. सोडियम दोन दिवसांहून जास्त वाढलेलं असलं की मेंदूच्या पेशी त्या खारटपणाशी जुळवून घेतात. मग पाणी देऊन सोडियम एकदम उतरवलं तर पाणी पेशींत शिरून मेंदूला सूज येण्याची, झटके येण्याची भीती असते. म्हणून २४ तासांत साधारण दर लिटरमागे १० ते १२ मिलीइक्विव्हॅलंट (सोडियम मोजायचं एकक) एवढीच घट धरतात. ही मर्यादा मोठ्यांमध्ये फारच सावध असल्याचं अलीकडचे काही अभ्यास सुचवतात, पण लहान मुलांत मी तरी ती ओलांडणार नाही.

६० किलोच्या पुरुषाचं सोडियम १६० असेल तर शरीरातल्या पाण्याची तूट जवळपास ५ लिटर भरते. बीपी पडलं असेल तर आधी मीठ-पाण्याचं सलाईन, बीपी सावरलं की नाकातल्या नळीतून साधं पाणी, नाहीतर शिरेतून ५ टक्के डेक्स्ट्रोज (साखरेचं पाणी). मधुमेह्यांची साखर सतत बघावी लागते.

खरी गफलत चालू नुकसानीकडे होते. ताप, जुलाब, मॅनिटॉल, फ्युरोसेमाइड (ही दोन्ही लघवी वाढवणारी औषधं) यांतून पाणी जातच असतं. तुटीत ते धरलंच नाही तर दुसऱ्या दिवशी रिपोर्ट जिथल्या तिथे. लघवी भरमसाट आणि पाण्यासारखी होत असेल, विशेषतः डोक्याच्या मारानंतर, तर डायबेटिस इन्सिपिडसचा (साखरेच्या मधुमेहाहून वेगळा, लघवीतून पाणी वाहून जाण्याचा आजार) विचार व्हायलाच हवा. तिथे डेस्मोप्रेसिन हे लघवी कमी करणारं औषध लागतं.

शुद्धीत नसलेला माणूस पाणी मागू शकत नाही. त्यामुळे आज नळीतून किती पाणी गेलं, हे नातेवाइकांनी रोज जरूर विचारावं.