मारणाऱ्या नवऱ्यांसोबत काम करावं का?

समुपदेशक_ठाणे
मी बायकोला मारणाऱ्या पुरुषांसोबत काम करतो. "त्यांचे कसले लाड? आत टाका," हे नेहमी ऐकतो. टाका की! पण सुटल्यावर तो घरीच येतो, नाहीतर दुसरं लग्न करतो. बहुतेकांचं पालुपद एकच, राग अनावर झाला. मी विचारतो, मग आधी टीव्हीचा आवाज कुणी वाढवला? साहेब आईवरून बोलतो तेव्हा हात का उठत नाही? इथे गडी गप्प होतो. खरं काम तिथून पुढे.

वकीलबाई
कागदावर छान. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातल्या कलम १४मध्ये दोघांना 'एकत्र' समुपदेशनाला पाठवायची सोय आहे. नियम सांगतात की नवऱ्याने हिंसेचं समर्थन तिथे करायचं नाही. प्रत्यक्षात दोघांना समोरासमोर बसवून "ताई, मुलांकडे बघा" सुरू. ती तिथे जे बोलली त्याचा हिशेब रात्री घरी चुकता होतो. आणि हा चार बैठकांचं पत्र घेऊन कोर्टात उभा, 'माणूस सुधारला'! त्यापेक्षा कोर्टाचा संरक्षण आदेश मोडला की कलम ३१ लावा. एक वर्षापर्यंत कैद आहे.

समुपदेशक_ठाणे
एकत्र बसवायला माझाही विरोधच. पत्र तर मी देतच नाही. अमेरिकेत डुलुथला १९८१पासून पोलीस, कोर्ट आणि बायकांच्या संस्था एकमेकांना धरून काम करतात. माणूस बैठका बुडवतो तेव्हा ते कोर्टापर्यंत जातं. आपल्याकडे असं धरून ठेवणारं कोण आहे?

निनावी
माझा नवरा जायचा अशा बैठकांना. नवीन शब्द शिकून आला. आधी म्हणायचा "तू डोकं फिरवतेस", नंतर "तू मला ट्रिगर करतेस". मार तोच.

स्पष्टवक्ता
४९८अ चा, म्हणजे सासरच्या छळाच्या कलमाचा, गैरवापर होतो, त्यावर कुणी बोलत नाही.

वकीलबाई
वेगळा धागा काढा. (आणि ते आता न्याय संहितेत कलम ८५ आहे.)

दादरकर
लग्नानंतर कशाला थांबायचं? मुंबईत 'मावा' ही संस्था १९९३पासून पुरुषांमध्ये काम करते, कॉलेजच्या पोरांमध्येसुद्धा. पैसा तिकडे जावा. पट्टीच्या मारकुट्यावर नको.

समुपदेशक_ठाणे
@दादरकर, आज मार खाणारीला त्याचा काय उपयोग?
@निनावी, तुमचं म्हणणं खोडता येत नाही. म्हणून त्याच्या शब्दावर आम्ही जात नाही. आमची सहकारी बायकोला वेगळं विचारते.

वकीलबाई
फोनवर? तो शेजारी बसलेला असताना?

समुपदेशक_ठाणे
फोन नाही. मुलाला बालवाडीत सोडायला येते तेव्हा, प्रत्यक्ष. जिथे अशी भेट जमत नाही, तिथे त्या माणसाला घेतच नाही.